फ्रान्सच्या वतीने बावीस मिनिटं

आनूकचे केस कमरेला टेकले, तेव्हा रालाई मास्तरांनी मनाशी ठरवलं, की आता फ्रान्सला खूश केल्यावाचून गत्यंतर नाही.

आनूक ही मास्तरांची नात. वय वर्षं चार, मुक्काम लियों. जन्मल्यापासून तिच्या डोक्याला कात्री लागलेली नव्हती, कारण मास्तरांच्या घराण्यात बाळाची पहिली बट आईच्या बापानेच कापायची, असा दंडक. मग ते केस मधात आणि उकडलेल्या अळकुड्यांत कालवायचे आणि जमलेल्या गोतावळ्याने त्या पातेल्यावर तुटून पडायचं. ज्याच्या बोटाला चिमूटभर लागेल त्याच्या घरी वर्षात पाळणा हलतो. केस कसे खाता, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपापल्या घरच्या चालीरीतींवर एक नजर टाकून यावं, मग बोलू.

आनूकची आई फारा लियोंतल्या एका वृद्धाश्रमात फ्रेंच म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. परक्या बापांच्या पाठी चोळायला त्या देशाने तिला कागदपत्रं करून बोलावून घेतलं होतं. तिच्या स्वतःच्या बापाला मात्र तीनदा दारातून परत पाठवलं होतं. दर रविवारी दुपारी फोनवर चेहरा दिसला की आनूक न सांगता पाठ फिरवायची, आणि मास्तर चष्मा कपाळावर चढवून केस कुठवर आले ते बघायचे. चौतीस वर्षं त्यांनी मादागास्करच्या डोंगरातल्या अंबुहित्सारा गावी भूगोल शिकवला होता. फळ्यावर निळ्या खडूने रोन नदी काढायची, हिरव्या खडूने सोन काढायची, दोघींची गाठ पडते तिथे पांढरा ठिपका द्यायचा आणि बाजूला लिहायचं: लियों. त्या ठिपक्यात आता आपल्या रक्ताचं एक माणूस राहतं आणि त्याचे केस नदीसारखे खाली खाली चाललेत, एवढंच त्यांना घरबसल्या दिसत होतं.

"शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आलीय, बाबा," फारा एका रविवारी म्हणाली. "केस कापा म्हणतात. वाळू अडकते, उवा होतील. मी सांगितलं, आजोबा यायचेत."

"कधी यायचेत म्हणून सांगितलंस?"

"लवकर."

हे 'लवकर' ती दोन वर्षं सांगत होती.

व्हिसाच्या तीन नकारांची हकीकत थोडक्यात सांगतो, नाहीतर इथेच सकाळ व्हायची. मास्तरांचं पूर्ण नाव रालाईमिहुआत्रा रांद्रियाम्बुलुलुना. फॉर्मवरच्या चौकोनांत ते मावलं नाही, शेपूट बाहेर राहिलं; पासपोर्टवर शेपटासकट होतं. पहिला नकार. दुसऱ्या वेळी काचेमागच्या माणसाने सांगितलं, की बापाचं आणि मुलीचं आडनाव एक नाही, सबब नातं सिद्ध होत नाही. मास्तर म्हणाले, आमच्यात प्रत्येकाला स्वतःचं नाव असतं, बापाचं नाव लेकीच्या डोक्यावर मारत नाहीत. काचेमागच्या माणसाला हे फार मागासलेलं वाटलं. तिसऱ्या वेळी कारण आलं: 'अर्जदाराचा परत जाण्याचा इरादा सिद्ध होत नाही.'

शेजारच्या रावेलुने, ज्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि ज्याच्या चुलतभावाला एकदा व्हिसा जवळजवळ मिळाला होता, सल्ला दिला की चौथ्या अर्जाला घराण्याच्या थडग्याचा फोटो जोडा. जो माणूस दर वर्षी आपल्या थडग्याला चुना लावतो, बापाशेजारी आपली जागा धरून ठेवतो, तो परदेशात मरायला कशाला राहील? मुद्दा बिनतोड होता. मास्तरांनी थडग्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. तो परत आला. छायाचित्रात अर्जदाराचा चेहरा सत्तर टक्के हवा, आणि पार्श्वभूमी कोरी.

अशात मे महिन्यात एका सकाळी खुद्द कॉन्सल मास्तरांच्या अंगणात उभा राहिला.

मस्यू तेर्नवाल हा गावातला चीजचा कारखानदार आणि फ्रान्सचा मानद कॉन्सल. मानद म्हणजे पगार नाही, पण झेंडा आहे. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं गावात काढल्यामुळे तो बसायला दिलेल्या चटईवर बूट काढून बसला, मास्तरांच्या बायकोने, हान्ताने, दिलेलं करपल्या भाताचं पाणी तोंड वाकडं न करता प्यायला आणि मग मुद्द्यावर आला. यंदा चौदा जुलैला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनाला, राजधानीतल्या फ्रेंच वकिलातीच्या मोठ्या कचेरीतून सल्लागारबाई स्वतः येणार होत्या. वरून फर्मान होतं की कार्यक्रमाला स्थानिक रंग हवा. तेव्हा मास्तरांनी यजमानांच्या वतीने, म्हणजे फ्रान्सच्या वतीने, गावाला उद्देशून कबारी करावी. जाता जाता बूट घालताना तो हळूच म्हणाला, "तुमच्या अर्जाबद्दल मी बाईंच्या कानावर घालतो. समोरासमोर बोलणं वेगळं असतं, मास्तर."

"रंग हवाय तर भिंत रंगवा म्हणावं," तो गेल्यावर हान्ता म्हणाली. पण म्हणताना तिने मास्तरांचा पांढरा लांबा पेटीतून काढून उन्हात टाकला होता. ही अंगावर घ्यायची शाल लग्नाला आणि मर्तिकालाच बाहेर निघे.

आता कबारीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. कबारी म्हणजे भाषण. पण भाषण म्हणजे कबारी नव्हे. पंचक्रोशीतलं कुठलंही लग्न, कुठलंही मर्तिक मास्तरांच्या कबारीवाचून पुरं होत नसे. कबारीची सुरुवात माफीने होते. चारचौघांच्या पूर्वजांसमोर एक माणूस उठून तोंड उघडतो, हाच मुळात आगाऊपणा. तेव्हा आधी दोष काढून टाकायचा. ऐकणारे म्हणतात, "दोष नाही," आणि मग बोलणारा पुढे सरकतो. हल्लीचे नवशिके हे तीन वाक्यांत उरकतात. मास्तरांना मात्र ही विद्या त्यांच्या मामांनी दिली होती आणि मामांची रीत कडक होती. ज्या घराच्या वतीने उभं राहायचं, त्या घराने समोरच्यांचं जे जे वाकडं केलं असेल ते सगळं नावानिशी सांगून माफी मागायची. एक जरी राहिलं तर ते बोलणाऱ्याच्या जिभेला चिकटतं. एका लग्नात मास्तरांनी नवऱ्या मुलाच्या पणजोबांच्या बैलाने मुलीकडच्यांचं भाताचं रोप तुडवल्याची माफी मागितली होती. बैल मरून साठ वर्षं झाली होती. मुलीकडचे ढसाढसा रडले आणि आहेरात दोन कोंबड्या जास्त आल्या.

तेव्हा मास्तरांनी जे केलं त्यात राजकारण शोधू नये, जे पुढे पुष्कळांनी शोधलं. नातीसाठी आयुष्यातली सर्वांत चोख कबारी करायची, एवढाच त्यांचा हेतू. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि रावेलुच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून चौकशी सुरू केली: फ्रान्सच्या घराने आपल्या गावाचं काय काय वाकडं केलं आहे?

हा प्रश्न त्या गावात तोवर कोणी वही उघडून विचारला नव्हता.

तासाभरात बाकाभोवती रांग लागली. रावेलुने पहिला नंबर लावला. त्याच्या आजोबांना दोन पावसाळे बिनपगारी रस्ता बांधायला जुंपलं होतं. आणि आता त्याच रस्त्यावरून कॉन्सलची चीजची गाडी जाते ती रोज त्याच्या अंगावर चिखल उडवते. मास्तरांनी रस्ता लिहिला, चिखल लिहिला नाही. रावेलु अडून बसला. शेवटी चिखलही लिहिला. कोणाच्या तांदळावरचा कर आला, कोणाच्या आजीला मातृभाषेत बोलल्याबद्दल शाळेत गळ्यात बांधलेली लाकडी पाटी आली. एका बाईंचं म्हणणं, मागच्या चौदा जुलैला तंबूत बसलेल्यांना पेस्ट्री दिल्या आणि कुंपणाशी उभ्या असलेल्यांना भुईमुगाच्या शेंगा, त्याही नरम. एकावर फोटोत हसल्याबद्दल काचेमागचा माणूस ओरडला होता. मास्तर प्रत्येकाला विचारत, 'हे नक्की घडलेलं ना?' आणि तारीख मागत. स्वतःचंही एक कलम त्यांनी लिहिलं: 'चौतीस वर्षं तुमच्या नद्या आमच्या पोरांकडून पाठ करून घेतल्या आणि शिकवणाऱ्याला एकदाही दाखवल्या नाहीत.' मग ते खोडलं. रात्री विचार करून सकाळी पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या दिवशी रासुआ आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. रांगेतल्या लोकांनी आपोआप वाट दिली.

सत्तेचाळीस साल म्हटलं की जगात कोणाला काय आठवेल ते आठवो. या डोंगरात एकच आठवतं. रासुआ आजी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. फ्रेंचांविरुद्ध बंड झालं होतं, सैनिक आले, आणि खळ्यावर भात झोडत असलेल्या त्यांच्या वडिलांना तसंच घेऊन गेले. भात अर्धा झोडलेला, अर्धा तसाच. माणूस परत आला नाही, हाडंही आली नाहीत.

"आमच्या थडग्यात बाबांची जागा अजून मोकळी आहे," आजी म्हणाल्या. "वहीत जागा असेल तर घाल. नसेल तर राहू दे."

मास्तरांनी नवीन पान उलटलं आणि त्या पानावर तेवढंच लिहिलं.

मध्यंतरी मोठ्या कचेरीचं पत्र आलं, की भाषणाचा मजकूर फ्रेंचमध्ये, तीन प्रतींत, तीन आठवडे आधी मंजुरीला पाठवावा. कबारी लिहायची नसते, हे कॉन्सलला ठाऊक होतं. कचेरीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मास्तरांनी प्रामाणिकपणे आराखडा लिहून दिला. 'एक: रूढीप्रमाणे सुरुवातीची औपचारिक वाक्ये. दोन: पाहुण्यांचे स्वागत. तीन: मैत्री. चार: भोजनाचे निमंत्रण.' आठ दिवसांत तो शिक्का मारून परत आला. मैत्रीच्या जागी 'दृढ मैत्री' अशी एक दुरुस्ती होती. पहिल्या ओळीला कोणी हात लावला नव्हता.

मग निमंत्रणं आली. पांढरं कार्ड म्हणजे तंबूत खुर्ची. पिवळं कार्ड म्हणजे कुंपणाशी उभं राहणं. मास्तरांना पिवळं आलं. कॉन्सलची सेक्रेटरी निवु हिने ओशाळून खुलासा केला, की वक्ते 'सांस्कृतिक कार्यक्रम' या सदरात मोडतात, ढोलवाल्यांबरोबर. हान्ताला कार्डच नव्हतं, कारण पिवळ्यावर बायको चालत नाही. मास्तरांचा चेहरा पडला. मामांच्या काळी वक्त्याला यजमानाच्या उजव्या हाताला बसवत. पण कमरेपर्यंत आलेले केस डोळ्यांसमोर आणून त्यांनी तो अपमान करपल्या भाताच्या पाण्याबरोबर गिळला.

चौदा जुलै म्हणजे आमच्या डोंगरात कडाक्याची थंडी. भरदुपारी तोंडातून वाफ निघत होती. कॉन्सलच्या हिरवळीवर तंबू, तंबूपुढे दोरी, दोरीमागे पिवळी कार्डं, त्यामागे कुंपण आणि कुंपणाबाहेर सगळा गाव. 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' असा लांबलचक फलक बांधायला जागा सापडेना, म्हणून तो त्या दोरीवरच बांधला होता. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. अशा गोष्टी मुद्दाम कोणी करत नाही, म्हणून तर त्या इतक्या चोख होतात.

राजधानीच्या बाई पहिल्या खुर्चीत. त्यांच्या कानाशी निवु, दुभाषी म्हणून. गावच्या रेडिओने मास्तरांसमोर माइक ठेवला. मास्तरांनी टोपी काढली, लांबा सावरला आणि रीतीप्रमाणे सुरू केलं, की मी उभा आहे पण मी मी नाही. आज या जिभेवर फ्रान्सचं घर बसलं आहे, आणि ते तुमच्या पूर्वजांची माफी मागतं. बाई प्रसन्न हसल्या. किती नम्र लोक आहेत, असं कॉन्सलला म्हणाल्या.

मास्तर रस्त्यावर आले. गाव म्हणाला, "दोष नाही." मास्तर तांदळाच्या करावर आले. "दोष नाही." लाकडी पाटी. नरम शेंगा. चिखल. दर कलमाला कुंपणापलीकडून शंभर घशांतून "दोष नाही" येत होतं आणि निवु, जिला भाषांतरात कधी लबाडी करता आली नाही, शब्द न् शब्द बाईंच्या कानात ओतत होती. बाईंचं हसू हळूहळू तोंडावरच गोठलं. त्यांनी कॉन्सलला विचारलं, हे मंजूर मजकुरात आहे का? कॉन्सलने खिशातून शिक्क्याचा कागद काढला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आहे."

मग मास्तरांनी वहीतलं ते एकटं पान उलटलं. भाताच्या खळ्याचं नाव घेतलं, महिना सांगितला, माणसाचं नाव सांगितलं आणि माफी मागितली.

गाव गप्प राहिला. हे उत्तर गावाने द्यायचं नव्हतं. कुंपणाला धरून उभ्या असलेल्या रासुआ आजींनी बराच वेळ घेतला. इतका, की रेडिओवाल्याला वाटलं, माइक बंद पडला.

"दोष नाही," आजी म्हणाल्या.

पुरुषांनी टोप्या काढल्या. कुठल्या रीतीत हे बसत नाही, पण काढल्या.

औपचारिक वाक्यांना बावीस मिनिटं लागली. स्वागत, दृढ मैत्री आणि भोजन मिळून दोन. मास्तर घामाने भिजले होते आणि त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं, की अशी कबारी मामांनाही साधली नसती. आता व्हिसा आलाच. चार वाजताच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं: 'फ्रान्सने माफी मागितली. अंबुहित्साराने माफ केलं.'

दुसऱ्या दिवशी राजधानीच्या पेपरांत तेच, मोठ्या टायपात. मोठ्या कचेरीतले फोन म्हणे सकाळपासून खाली ठेवायला फुरसत नव्हती. दुपारी कचेरीचा खुलासा आला, जो मास्तरांनी तीनदा वाचला. त्यात म्हटलं होतं, की माफी मागण्यात आलेली नाही. मात्र ती मागण्यात आल्याच्या भावनेचा आदर आहे. आणि सामायिक स्मृतीकडे उभय देश एकत्र, पुढे पाहत आहेत. मागे वळून पुढे कसं पाहायचं, हे भूगोलाच्या माणसालाही कळेना. जे राज्य माणसं उचलताना कोणाला विचारत नाही, ते 'चुकलं' हा एक शब्द उचलताना दहा कचेऱ्यांची सही मागतं. वर्षातून एकदा तुरुंग फोडल्याचा सण करायचा, आणि उरलेले दिवस दाराशी काच लावून बसायचं. यांची समता कार्डाच्या रंगावर ठरते. असो.

संध्याकाळच्या आत कॉन्सल पुन्हा अंगणात. या वेळी तो चटईवर बसला नाही. मास्तरांनी रेडिओवर जाऊन सांगायचं, की ती माफी फ्रान्सची नव्हती. बस, एवढंच. अर्जाची फाइल बाईंच्या टेबलावर वर काढून ठेवली आहे.

"मी चीज करतो, मास्तर," तो म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही. पण फाइल खरंच वर आहे, मी पाहिलीय."

तो गेल्यावर हान्ता कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली. "तुमची ती माफी रीतीचीच ना?" तिने शेवटी विचारलं.

"रीतीचीच."

"मग परत घ्यायला तुमचं काय जातंय?"

मास्तरांनी वही उघडली आणि मिटली. हान्ताने वर न बघता सांगितलं, की मलाही ते केस एकदा हातात घ्यायचे होते. फोनची काच पुसून पुसून माझी बोटं झिजली.

मास्तर उठले आणि रासुआ आजींकडे गेले. सगळं सांगितलं. मी माफी परत घेतली तर तुमचं काय, असं खाली मान घालून विचारलं.

"तू मागितलीस काय, त्यांनी मागितली काय," आजी म्हणाल्या. "मी दिलं ते दिलं. इतकी वर्षं उरावर घेऊन फिरले, आता पुन्हा उचलायची ताकद नाही रे माझ्यात. तू जा. पोरीच्या केसांना हात लावून ये."

तेव्हा मास्तर रेडिओवर गेले ते खरोखरच माफी परत घ्यायला गेले. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे गावाने त्यांना वीर ठरवलं आणि कचेरीने डांबरट. ते दोन्ही नव्हते. ते आजोबा होते. माइकसमोर बसून त्यांनी म्हटलं, की चौदा जुलैला मी मागितलेली माफी फ्रान्सची नव्हती. ती माझी, रालाईमिहुआत्राची, चूक होती. इथे थांबले असते तर आज ते लियोंत असते.

पण चौतीस वर्षांची मास्तरकी. चुकीचं उत्तर नुसतं खोडून त्यांचं कधी भागलं नव्हतं. कुठे चुकलं ते एकेक करून वाचून दाखवायचे. ऐकणाऱ्याच्या मनात संभ्रम नको, म्हणून त्यांनी वही उघडली.

"रस्त्यावर दोन पावसाळे बिनपगारी राबवलं, त्याबद्दल फ्रान्सने माफी मागितलेली नाही," ते शांतपणे म्हणाले. "पोरींच्या गळ्यात लाकडी पाटी बांधली, त्याबद्दल फ्रान्सने माफी मागितलेली नाही. तांदळावरच्या कराबद्दल मागितलेली नाही."

चहाच्या टपऱ्यांवर माणसं उभी राहिली. रावेलुने हातातला पाना खाली ठेवला. चिखलाबद्दलही मागितलेली नव्हती. परवा दर कलमाला गाव बोलत होता. आज कोणाला काही बोलायला जागाच नव्हती, कारण कोणी काही मागतच नव्हतं. राजधानीहून बाईंचा कॉन्सलला फोन आला, की त्या माणसाला आत्ताच्या आत्ता थांबवा. कॉन्सल म्हणाला, "मादाम, तुम्ही सांगितलंत तेच तो सांगतोय."

शेवटचं पान मास्तरांनी सावकाश वाचलं. खळ्यावरून नेलेल्या त्या माणसाबद्दल, आणि त्याच्या मोकळ्या जागेबद्दल, फ्रान्सने माफी मागितलेली नाही. कोणाचा गैरसमज झाला असल्यास तो दूर करावा. यालाही बावीसच मिनिटं लागली.

घरी आल्यावर हान्ताने विचारलं, मुद्दाम केलंत? मास्तर म्हणाले, सवय. हान्ताने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय करत होती, ते तिलाच ठाऊक.

नकार नऊ दिवसांत आला. एरवी दोन महिने लागत. चौकोन तोच: परत जाण्याचा इरादा सिद्ध होत नाही. त्याच पाकिटात जाड कागदावर दुसरं पत्र होतं, 'उभयपक्षी सामंजस्यातील आपल्या बहुमोल योगदानाबद्दल' आभाराचं. दोन्हींखाली सही एकच, शाई एकच.

त्या रविवारी मास्तरांनी फाराला सांगितलं. आनूकने नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. केस कमरेच्याही खाली गेले होते.

सप्टेंबरात पोस्टमन एक फुगीर पाकीट घेऊन आला. वर फाराच्या अक्षरात जाहीर केलं होतं: 'आतील वस्तू: केस. किंमत: नाही.' आत निळ्या रिबिनीने बांधलेली, हातभर लांब वेणी. सोबत चिठ्ठी. 'बाबा, मी कापली नाही. तिनेच कात्री मागितली. म्हणाली, आजोबांना येऊ देत नाहीत तर मी जाते, एवढी एवढी.' अकरा दिवसांत वेणी दोन खंड आणि एक समुद्र ओलांडून आली होती. कोणी तिला परत जाण्याचा इरादा विचारला नव्हता. हान्ताने ती मांडीवर घेतली आणि दिवसभर खाली ठेवली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी अंगणात चटया पडल्या. अळकुड्या उकडल्या, मध आला. रावेलु पातेल्याच्या अगदी जवळची जागा धरून बसला. लग्नाला सात वर्षं झाली होती त्याच्या. रासुआ आजींना खुर्ची दिली. कॉन्सल मागच्या रांगेत चटईवर बसला, बूट काढून, कार्डाशिवाय. मधाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. पडद्यात फारा आणि तिच्या मांडीवर टोपी घातलेली आनूक.

मास्तर उठले. लांबा सावरला. कबारीची सुरुवात माफीने होते.

"आनूक," ते म्हणाले, "या घराने तुझं जे वाकडं केलं ते सांगतो. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या कानाशी तुझं नाव घ्यायला हा आजोबा नव्हता. तू पहिलं पाऊल टाकलंस, तेव्हा पुढे हात धरायला नव्हता. तुला ताप आला तेव्हा तुझी आई एकटी जागली. तुझ्या गावातून वाहणाऱ्या दोन नद्या मी तुला बोट धरून दाखवायच्या होत्या; मला त्या पाठ आहेत, पण मी त्या दाखवल्या नाहीत. पहिली बट मी कापायची होती. ती तुला कापावी लागली."

चाळीस वर्षांत त्यांनी हजार घरांच्या वतीने माफी मागितली होती. स्वतःच्या वतीने मागायची ही पहिलीच वेळ. गाव गप्प होता. हे उत्तर गावाने द्यायचं नव्हतं, आणि जिने द्यायचं तिला मास्तरांची भाषा येत नव्हती. फारा तिच्या कानाशी लागली. आनूकने ओठ दोनदा हलवून बघितले आणि मग परक्या मुलखाच्या उच्चारांत, मोडकं मोडकं, म्हणाली, "दोष नाही."

आता आशीर्वाद, मग पूर्वजांची नावं, मग पातेलं. मास्तरांना सगळं तोंडपाठ होतं. पण आनूकला वाटलं, झालं. तिने टोपी काढली आणि दर रविवारच्या सवयीने पाठ फिरवली. मास्तरांनीही सवयीने चष्मा कपाळावर चढवला आणि पुढे वाकून बघितलं. कापलेल्या केसांखाली एवढीशी मान होती, गोरी, उघडी, आणि तिच्यावर मोजण्यासारखं काहीच नव्हतं.

मास्तर उभेच राहिले. हान्ताने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पातेलं हळूच मंडळींपुढे सरकवलं.